देवघरातला ओंकारचा चेहरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, वसतिगृहातल्या मैत्रिणींना नाही, आणि ज्याचा चेहरा होता त्या माझ्या भावालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही सोपं जात नाहीये. पहिली ओळ लिहिली आणि उठून खोलीचं दार लावून आले. बाहेर कुणी नव्हतं, तरी लावलं.

माझं नाव रूपाली. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, घरची ऊसशेती. मी सध्या सांगलीत डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे आता घरी काही ठरवायचं असलं की आबा, म्हणजे माझे वडील, मला फोन करून विचारतात. मी सांगितलेलं खरं धरतात. मला भीती वाटते ती त्याचीच.

गेल्या महिन्यात आम्हाला पाठ घ्यायला सांगलीजवळच्या एका शाळेत पाठवलं होतं. सहावीचा वर्ग. मला विषय मिळाला 'स्वतःचे चित्र'. मुलांनी घरून आरसे आणायचे, आरशात बघून आपला चेहरा कागदावर काढायचा, मग तो चंदेरी पत्र्याच्या तुकड्यावर उठवायचा. मुलांनी काय काय आणलं होतं – दाढीचा आरसा, पावडरच्या डबीतला आरसा, एकाने तर मोटारसायकलचाच काढून आणला होता.

"गड्या, मावतंय का तुझं त्वांड त्यात?" शेजारच्या पोराने विचारलं.

"न्हाई मावत. कान भाईर ऱ्हात्यात."

"मग कान घरी ठिवून याचं हुतंस."

सगळा वर्ग हसला, मीही हसले. तास चांगला चालला होता. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने आपला पत्रा उलटा करून माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "मॅडम, ह्ये तर आमच्या देवघरातल्या देवावानी झालं."

मी तिला छान म्हणाले असेन बहुतेक. आठवत नाही. मी व्हरांड्यात जाऊन खांबाला धरून उभी राहिले. आत मुलं आपापल्या तोंडाकडे बघत बसली होती. एका लहान मुलीने काढलेल्या चित्राला एवढं कोण घाबरतं? मी घाबरले. कारण असाच एक चेहरा मी एकदा देवघरात ठेवला होता.

तुमच्या घरात टाक आहेत की नाहीत मला माहीत नाही. आमच्याकडे देव म्हणजे टाक. चांदीच्या पातळ पत्र्यावर मागून ठोकून उठवलेल्या आकृत्या, फार तर पत्त्याएवढ्या. काही देवांच्या असतात. आणि काही घरातल्या मेलेल्या माणसांच्या. माणूस गेला की सोनाराकडून त्याचा टाक करून घ्यायचा आणि देवघरात बसवायचा. पुढच्या रांगेत देव, मागच्या रांगेत पितर. मला लहानपणापासून एवढं पक्कं ठाऊक होतं – मागच्या रांगेत जायचं असेल तर आधी मरावं लागतं.

ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे कुठेतरी 'मला कळत नव्हतं' असं म्हणावंसं वाटेल.

पण आधी काकूबद्दल सांगते.

आमचे काका सैन्यात. त्यांनी लग्न केलं ते जत तालुक्यातल्या, अगदी कर्नाटकाला लागून असलेल्या गावातल्या मुलीशी. महादेवी तिचं नाव. घरी कन्नड बोलणारी. मराठी यायची, पण थांबून थांबून, एकेक शब्द तपासून ठेवल्यासारखी. तिच्या गावाला टँकरने पाणी यायचं, म्हणून आमच्याकडे कॅनॉलचं पाणी वाहत असतानाही ती तांब्याभर पाण्यात तोंड-हातपाय सगळं उरकायची. आत्या, म्हणजे आबांची आणि काकांची थोरली बहीण, दिलेली शिराळ्याला. आली की हसायची. "म्हादेवी, हितं पानी हाय. त्वांडावर घी की जरा सढळ हातानं." काकूही हसायची. तिला टोमणा कळायचा की नाही, मला कधी समजलं नाही. लग्नाला काही वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. काका वर्षातून एकदा सुटीवर यायचे. तरी लोक बोलायचेच.

मला ती 'रूपव्वा' म्हणायची. तिच्या गावाकडे लाडाने असं म्हणतात. माझ्या नावाचा असा लाड दुसऱ्या कुणी केला नाही.

मी सातवीत होते, माझा धाकटा भाऊ ओंकार पाचवीत. गावची शाळा लहान, त्यामुळे कार्यानुभवाच्या तासाला आम्ही सगळे एकत्र बसायचो. सरांनी तेच सांगितलं, जे गेल्या महिन्यात मी सांगितलं – आरशात बघून आपला चेहरा काढून आणा. आमच्याकडे आबांचा दाढीचा आरसा होता, त्यात नाक दिसलं की हनुवटी दिसायची नाही. काकूने लग्नात आलेला आपला मोठा आरसा पेटीतून काढला. संध्याकाळी अंगणात बसून तिने तो मांडीवर उभा धरला. आधी माझ्यासाठी, मग ओंकारसाठी. तिचे हात भरून आले असतील, पण हलले नाहीत. ओंकारच्या उजव्या भुवईवर एक खूण आहे, लहानपणी उंबऱ्यावर पडला होता त्याची. ती त्याने काढलीच नव्हती. काकू म्हणाली, "ती बी काड की रं. ती नसली तर तू कसा?"

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रत्येकाला पत्र्याचा तुकडा दिला. खाली वर्तमानपत्राची घडी, वर पत्रा, त्यावर चित्र, आणि शाई संपलेल्या पेनाने दाबत जायचं. मग पत्रा उलटा करायचा. सर आम्हाला समजावत होते, "आरशात चेहरा उलटा दिसतो. पत्र्यावर मागून दाबला की तो पुन्हा सुलटा होतो. म्हणजे लोकांना तुम्ही जसे दिसता, अगदी तसे." ओंकारचा पत्रा उलटला तर खरंच, ती खूण बरोबर जिथे असायची तिथे होती. आणि सर पुढे म्हणाले, "तुमच्या घरातले टाकही सोनार असेच करतो."

हे सर्वांनी ऐकलं. पण घरी घेऊन गेले ते मीच.

आम्ही दोघांनी आपापले चेहरे आबांना दाखवले. माझा बरा होता – सरांनी वर्गात तोच उचलून दाखवला होता. आबांनी ओंकारचा हातात घेऊन पुन्हापुन्हा बघितला. काकांचा वर्दीतला फोटो होता त्या भिंतीवर, फोटोशेजारी, चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून तो लावला. म्हणाले, "ह्यो बी जानार फौजेत. आता हिकडच्या शाळेत न्हाई ठेवायचा ह्याला. साताऱ्याला होस्टेलवर घालायचा." मी माझा पत्रा धरून उभीच होते. त्यांना काही वाईट बोलायचं नव्हतं, हे मला आज कळतं. ते नुसतं म्हणाले, "तुझा ठेव कुठंतरी."

कुठे ठेवायचा?

पितृपंधरवडा चालू होता. आमच्याकडे त्याला म्हाळ म्हणतात – मेलेल्यांना बोलावून जेवू घालायचे दिवस. त्या रविवारी घरची सगळी रानात भांगलायला, तण काढायला, गेली होती. आबा, आई, काकू, तिघंही. ओंकार पोरांत खेळायला. मला दूध तापवायला मागे ठेवलं होतं. मी भिंतीवरच्या चुका उपटल्या, ओंकारचा चेहरा काढला, आणि देवघरात जाऊन मागच्या रांगेत, अगदी शेवटच्या टाकाच्या आडोशाला टेकवून ठेवला. मग बघितलं तर तो इतर टाकांपेक्षा वेगळा दिसत होता – कोरा. म्हणून मी त्याच्या कपाळाला हळद लावली. कुंकू लावलं.

ही गोष्ट मी स्वतःशी अनेक तऱ्हांनी सांगितली आहे. खेळ होता. रुसवा होता. त्याला शोधायला लावायचं होतं. वर्षानुवर्षं मी 'खोडी केली' हाच शब्द धरून बसले. पण खोडी करणारं पोर हळदकुंकू लावतं का? कुंकवाचं बोट त्याच्या कपाळावर टेकवताना माझ्या मनात जे आलं ते मी ओळखलं होतं. पुरतं ओळखलं होतं. ते अजून लिहिता येत नाही. थोडं पुढे लिहीन.

भिंतीवरचा पत्रा गेला तेव्हा आबांना वाटलं वाऱ्याने पडला असेल, केरात गेला असेल. ओंकार थोडा रडला आणि विसरला. आणि मग त्याला ताप आला.

साधा ताप वाटला, मग उतरेचना. अंगावर लाल ठिपके आले. आबा आणि आई त्याला घेऊन साताऱ्याला दवाखान्यात गेले. जाताना जीपमध्ये आईच्या मांडीवर त्याचं डोकं होतं, डोळे अर्धे उघडे. मी दारात उभी राहून बघितलं. मी केलं. मी त्याला मागच्या रांगेत नेऊन ठेवलं आणि तो निघाला. तुम्ही हसाल कदाचित. पण तेव्हा मला त्यात तिळमात्र शंका नव्हती. डास चावल्याने ताप येतो हे मला पुस्तकातून माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही असतं. आणि तरी मला ठाऊक होतं की हे मी केलंय.

जीप गेली की लगेच आत जायचं, पत्रा उचलायचा आणि चुलीत घालायचा असं ठरवून मी वळले. आणि त्याच वेळी मला कळलं की मला पाळी आली आहे. पहिलीच.

आमच्याकडे पाळीत बाजूला बसतात. अजून बसतात. मीही घरी गेले की बसते, डी.एड.ला असले तरी. सोप्याच्या कोपऱ्यात गोणपाट, वेगळं ताट, वेगळा तांब्या, देवघराच्या उंबऱ्याकडे तर बघायचंही नाही. माझ्या कोपऱ्यातून देवघराचं दार समोर दिसत होतं. पाच-सात पावलं. आत ओंकार उभा होता. आणि मी जाऊ शकत नव्हते. म्हणजे – जाऊ शकत होते. पाय धड होते. पण एक पाप निस्तरायला दुसरं करायचं, आणि या दुसऱ्याने तो आणखी लवकर गेला तर? मी तिथेच बसले. दिवसभर त्या दाराकडे बघत बसले. रात्री डोळा लागला की वाटायचं, शेवटचा टाक थोडा पुढे सरकलाय.

आई नसल्यामुळे सगळं काकूने केलं. कापड कसं घ्यायचं ते तिने दाखवलं. ताट लांबून सरकवायची, देवपूजा करायची, गुरांचं बघायची. एका सकाळी मला रडू आवरेना. तिला वाटलं मी पाळीला भ्याले. ती न्हाऊन, ओलेत्याने देवघराकडेच निघाली होती. थांबली. इकडे-तिकडे बघितलं आणि येऊन मला पोटाशी धरलं. मी म्हटलं, "काकू, शिवू नको. पूजा राहिलीया." ती म्हणाली, "मी परत न्हाईन की, रूपव्वा." त्या दिवसांत मला शिवलेलं घरातलं ते एकच माणूस. तांब्याभर पाण्यात सगळं उरकणारी ती बाई पुन्हा न्हाली, आणि मग पूजेला गेली. तेव्हा मी तिला सांगू शकले असते. तिने हात घालून तो पत्रा काढला असता, मला दिला असता, आणि मला वाटतं, कुणाला कळूही दिलं नसतं. मी का नाही सांगितलं? तिने मला नुकतंच जवळ घेतलं होतं. तिने सोडून द्यावं असं मला वाटत नव्हतं.

घट बसायच्या आधी आमच्याकडे देव उजळतात. चिंच लावून टाक घासायचे. पुढचे देव कुणीही घासले तरी चालतात, पण पितरांच्या रांगेला फक्त आबांचा हात, तोही वर्षातून त्याच एका दिवशी. त्यासाठी आबा साताऱ्याहून दुपारपुरते आले. पोराचं ऐकून आत्याही शिराळ्याहून आली होती. आबा सोप्यात ताट घेऊन बसले, माझ्यापासून थोड्याच अंतरावर. एकेक टाक उचलत होते, आज्याचं नाव, पणज्याचं नाव पुटपुटत होते. मी गुडघ्यात तोंड घातलं होतं, पण डोळे मिटले नव्हते.

आबांच्या हातात ओंकार आला.

ते ओरडले नाहीत. अंगठ्याने हळद पुसली, भुवईवरची खूण बघितली, आणि पत्रा ताटात अगदी हळू ठेवला. मग नुसतेच आपल्या हाताकडे बघत राहिले. त्यांचा तो चेहरा मी काढू शकेन. आजही, आरसा नसताना.

आत्या वाकून बघत होती. "आरं, ह्यो तर आपला ओंक्या," म्हणाली, आणि मग तिचा आवाजच बदलला. "जित्या पोराचा टाक? म्हाळात? कुणी केला ह्यो?"

काकू आतून आली. तिने पत्रा बघितला आणि एवढंच म्हणाली, "आरसा मीच धरलेला. लय चांगला काडलाय त्यानं."

तिला वाटलं आत्या चित्राबद्दल विचारतेय.

पुढचं फार भराभर झालं. आत्या एकेक गोष्ट जोडत गेली. आरसा हिने धरला. चेहरा हिने काढून घेतला. खूणसुद्धा सुटू दिली नाही, पोराकडून काढून घेतली – हे मीच घरात हसत हसत सांगितलं होतं, आठवडाभर आधी. पूजा हीच करते. पूजेत काय पुटपुटते कुणाला कळत नाही. काकू म्हणत होती, "न्हाई वन्सं, मागच्या रांगंला मी हात लावत न्हाई. मला सांगितलंय तसं. मी कशाला पोराला तितं ठेवीन?" घाबरली की तिचं मराठी सुटायचं, मध्ये कन्नड शब्द यायला लागले, आणि कुणाला न कळणारे ते शब्दच नेमके तिच्या विरुद्ध जात होते.

आत्या माझ्याकडे वळली. "रूपे, तू हितं बसून हाईस. समोर दार हाय. देवघरात कोण गेलं ह्या दिसात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. काकूही. तिच्या तोंडावर सुटल्याचा भाव होता – आता रूपव्वा सांगेल.

मी म्हणाले, "काकू."

एक शब्द. आणि तो खोटाही नव्हता, नाही का? त्या दिवसांत देवघरात काकूच जात होती. मी खोटं बोलले नाही, हे वाक्य मी किती वर्षं उशाला घेऊन झोपले. पण आत्याने विचारलं होतं ते काय, आणि मी सांगितलं ते काय, हे मला त्या क्षणीही कळत होतं. काकूलाही कळलं असावं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पदर डोक्यावर घेतला आणि आत गेली. ती मला परत काहीच बोलली नाही. एकदाही नाही.

पत्रा आत्याने लाल फडक्यात गुंडाळून कृष्णेत सोडायला लावला. डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला होता, त्याचे उपचार चालू होते, आणि त्याच सुमारास ताप उतरला. आत्या म्हणाली, "बगितलंस?" आबा डॉक्टरांवर विश्वास ठेवणारे, पण त्यांनीही मान खाली घातली. पोरगा हाती लागला होता, त्यांना कशाशीच भांडायचं नव्हतं. काकूचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. 'थोडे दिवस' असं ठरलं. आरसा तिने मागितला नाही. आईने तो माळ्यावर टाकला, तोंड भिंतीकडे करून.

थोडे दिवस अजून चालू आहेत. काका सुटीवर आले की जतला जाऊन तिला भेटतात, पण थोरल्या बहिणीच्या पुढे बोलत नाहीत. काकूला मुलगी झाली. ती आता तिथल्या शाळेत पहिलीला आहे. तिचं तोंड आमच्या घरातल्या कुणी बघितलेलं नाही. ती कुणासारखी दिसते, मला माहीत नाही.

आणि माझं काय झालं? हे सांगायची सर्वांत जास्त लाज वाटते. त्या आजारानंतर ओंकारला लांब ठेवायचं नाही असं आईने धरलं. साताऱ्याचं होस्टेल राहिलं, फौज राहिली. तो दहावीनंतर उसातच आहे. आणि त्याच्यासाठी ठरलेलं शिक्षण मला मिळालं. मी सांगलीला निघते तेव्हा तो मोटारसायकलवरून मला स्टँडवर सोडतो आणि कंडक्टरला सांगतो, "आमची ताई हाय. मास्तरीण हुणार हाय." मी खिडकीतून हात करते. त्याच्या भुवईवरची खूण तिथूनही दिसते.

काल आबांचा फोन आला. काका पेन्शनीवर येतायत. त्यांना काकूला आणि मुलीला घरी आणायचंय. आबांचं मन आहे, आईचंही आहे. आत्या म्हणते, आणायचं असेल तर माझा पाय परत या घरात पडणार नाही. म्हणून ठरलंय की यंदा देव उजळायच्या दिवशी सगळ्यांनी बसून काय ते एकदा ठरवायचं. आबा म्हणाले, "तू ये. तवा तूच हुतीस समोर. आता शिकलीस बी. तुजं आत्या बी आयकंल."

मला पुन्हा साक्षीला बोलावलंय.

कालपासून जेवण जात नाहीये. खरं सांगितलं तर आबा माझ्याकडे कसे बघतील? ओंकार मला स्टँडवर सोडायला येईल का? आई माझ्या ताटाला हात लावेल का? आत्या म्हणेल की ही काकूला वाचवायला खोटं बोलतेय, आणि तेव्हा मला ते मघाचं, न लिहिलेलं, सांगावंच लागेल. म्हणून इथे आधी लिहून बघते.

कुंकवाचं बोट ओंकारच्या कपाळावर टेकवताना मला वाटलं होतं – मर.

आता तेही लिहून झालं.

मी तेव्हा लहान होते हे घरचे म्हणतील, मी म्हणणार नाही. पुढची सगळी वर्षं मी लहान नव्हते. काकूने मला माफ करावं असंही म्हणणार नाही, तिच्यापुढे उभी राहिले तर एवढंच सांगेन की तू देवघराकडे निघाली होतीस आणि मागे वळलीस ते माझ्या लक्षात आहे.

उद्या सकाळच्या गाडीने मी निघतेय. आबा ताट घेऊन बसतील, आत्या समोर असेल. आत्या विचारेल, त्या दिवसांत देवघरात कोण गेलं. पहिला शब्द काय बोलायचा ते मी इथे लिहून पाठ करतेय. ज्या दिवशी ओंकारचा चेहरा मागच्या रांगेत गेला, त्या दिवशी काकू रानात भांगलत होती. घरात मी होते.